अक्षरांच्या गर्दीचं माप

माझी नजर सिक्स बाय सिक्स आहे. व्हर्निअर या मोजपट्टीवरची बारीक रेघ मला चष्म्याशिवाय दिसते, ड्रॉइंगवरचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, एका नजरेत वाचतो. पण त्याच ड्रॉइंगच्या कोपऱ्यात चार ओळींची सूचना असली की माझं काम अडतं. अक्षरं पुसट नसतात, हलत नसतात, नुसती एकमेकांत मिसळतात. शब्दाच्या मधलं अक्षर कुठलं, ते हाती लागत नाही. हे मी शाळेत बाईंना सांगायचा प्रयत्न केला, डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगितलं, घरी सांगितलं. कुणापर्यंतच ते पोचलं नाही, कारण मापात सांगता येत नव्हतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वीस-बावीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला माप नसलेली गोष्ट पटवून देता येत नाही, हे मी समजू शकतो. यंदा ती मोजून झाली. कशी मोजली, हे ज्यांच्या घरात असं पोर आहे त्यांना कळावं म्हणून सांगतोय. सगळं फोनला बोलून लिहिलंय आणि फोनकडूनच वाचून घेऊन दुरुस्त केलंय.

सुरुवात माझ्यापासून नाही, मुलीपासून झाली. ती चौथीत आहे. पाठांतर चोख, तोंडी हिशेब झटपट, पण धडा वाचायला उभी केली की रडकुंडीला यायची. शाळेतल्या बाईंनी समजूतदारपणे सुचवलं म्हणून तिची तपासणी करून घेतली. मराठी पोरांसाठी मराठीतली चाचणी असते हे मला तेव्हाच कळलं. हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं २०१५ साली ‘डाली’ नावाची चाचणी हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आणली, तीच तिला दिली. निदान डिस्लेक्सियाचं, म्हणजे डोकं चांगलं असूनही वाचन अडतं ते. सगळं झाल्यावर तपासणाऱ्या मॅडमनी मला विचारलं, “दादा, तुम्हाला स्वतःला वाचायला कसं जातं?” हे घराण्यात चालत येतं, हे त्यांच्याकडूनच कळलं. मी काय सांगणार? दहावीनंतर आयटीआयला गेलो ते हातानं करायचं शिक्षण म्हणून, वाचायचं कमी म्हणून.

त्यांच्याच ओळखीतून पीएचडी करणाऱ्या एका मॅडमशी गाठ पडली. त्यांना मराठी वाचणारी मोठी माणसं हवी होती, काही डिस्लेक्सिया असलेली, काही नसलेली. त्यांना मोजायचं होतं ते क्राउडिंग, म्हणजे अक्षरांची गर्दी. आणि तेही डोळ्यांच्या हालचालीवरून.

पहिल्या बैठकीत यंत्र नव्हतंच. राजारामपुरीतली एक साधी खोली, टेबल, दोन खुर्च्या. संमतीचा कागद मॅडमनी स्वतः मोठ्यानं वाचून दाखवला, हे मला फार बरं वाटलं. माझ्यासारख्याच्या हातात तीन पानं देऊन ‘वाचून सही करा’ म्हणणारी माणसं मी खूप पाहिलीत. मग नजर तपासली. मग आवाजांची परीक्षा. “‘सकाळ’ मधला ‘स’ काढला तर काय राहतं?” हे जमलं. शब्द लांबत गेले आणि मधला आवाज काढायची वेळ आली तसा मी अडखळायला लागलो. मग ‘टगूम’, ‘भिणक’ असे काहीच अर्थ नसलेले शब्द मोठ्यानं वाचायचे. ओळखीचा शब्द मी अंदाजानं मारून नेतो, इथं अंदाजाला जागाच नव्हती. घाम आला.

आवाजाची परीक्षा आधी का घेतली ते मॅडमनी नीट सांगितलं, आणि हे सगळ्यांनी ध्यानात घ्यावं असं मला वाटतं. डिस्लेक्सिया म्हटलं की लोकांना डोळ्यांचा दोष वाटतो. संशोधनात सर्वांत भक्कमपणे दिसलेली गोष्ट वेगळी आहे: बोलण्यातले सुटे आवाज ओळखणं आणि ते अक्षरांशी जोडणं यात अडचण असते. गर्दीचा त्रास काही जणांना त्याच्या जोडीला असतो, काहींना नसतो. कुणाला किती आहे, हेच तर मोजायचं होतं.

आता गर्दी म्हणजे काय, ते स्वतः करून बघा. कागदावर एक फुली काढा. तिच्या उजवीकडं ६ सेंटिमीटरवर पाऊण-एक सेंटिमीटर उंचीचा ‘म’ लिहा. त्याच्या खाली थोडी जागा सोडून दुसरी फुली काढा आणि तेवढ्याच अंतरावर ‘भमस’ अशी तीन अक्षरं चिकटून लिहा, ‘म’ बरोबर पहिल्या ‘म’ च्या खाली येईल असा. कागद हातभर लांब धरा. पहिल्या फुलीकडं बघत राहा: ‘म’ कळतो. दुसऱ्या फुलीवरून नजर न हलवता मधलं अक्षर बघा. काहीतरी आहे एवढंच कळतं. अक्षराचा आकार तोच, अंतर तेच, फक्त शेजारी आले. हे तुम्हालाही होतं, प्रत्येक माणसाला होतं. नजरेच्या अगदी मधोमध हे फारसं जाणवत नाही, कडेला गेलं की वाढतं.

हर्मन बौमा नावाच्या डच शास्त्रज्ञानं १९७० मध्ये त्याचा नियम मांडला. अक्षर नजरेच्या मध्यापासून जितकं दूर, त्याच्या साधारण निम्म्या अंतरात दुसरं अक्षर आलं तर ओळखायला अडचण होते. म्हणजे ६ अंशांवरच्या (हे डोळ्याशी होणाऱ्या कोनाचं माप) अक्षराला दोन्ही बाजूंना साधारण ३-३ अंश मोकळी जागा लागते. याच बौमानं लेगाईन या सहकाऱ्याबरोबर १९७७ मध्ये डिस्लेक्सिया असलेल्या मुलांवर प्रयोग केले, तेव्हा सुटी अक्षरं ओळखण्यापेक्षा शेजारी घेऊन बसलेली अक्षरं ओळखताना त्या मुलांना जास्त त्रास झालेला दिसला. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट आहे ही. उद्यमनगरात पोचायला इतकी वर्षं लागली.

यंत्राची खोली दुसरीकडं होती. पडदे ओढलेले, पण मिट्ट काळोख नाही, कारण अंधारात बाहुली फार मोठी होते. टेबलावर मॉनिटर, त्याच्या खाली एक चपटा कॅमेरा, आणि माझ्यासाठी हनुवटी टेकायचं लोखंडी स्टँड, वर कपाळाला पट्टी. मॅडमनी टेप काढून माझ्या डोळ्यापासून पडद्यापर्यंत अंतर मोजलं: ५७ सेंटिमीटर. मी विचारलं, “सत्तावन्नच का? साठ का नाही?” त्या हसल्या. ५७ सेंटिमीटरवर बसलं की पडद्यावरचा १ सेंटिमीटर म्हणजे डोळ्याच्या हिशेबात जवळजवळ १ अंश होतो. मला हे इतकं आवडलं की पुढचा सगळा वेळ मी पडद्याकडं माप म्हणूनच बघत होतो.

कॅमेरा डोळ्यावर इन्फ्रारेड प्रकाश टाकतो, तो आपल्याला दिसत नाही. त्या प्रकाशाचा एक ठिपका बुबुळाच्या काचेवर चमकतो, आणि बाहुली काळी वर्तुळासारखी दिसते. डोळा वळला की बाहुली सरकते, चमकता ठिपका त्या मानानं कमी सरकतो. दोन्हींतल्या अंतरावरून नजर कुठं आहे ते यंत्र काढतं, सेकंदाला १००० वेळा. मॅडमनी त्यांच्या पडद्यावर माझा डोळा मला दाखवला. पापणीचा केस न केस वेगळा दिसत होता. काजळ, मस्कारा लावून आलेल्या बायकांना ते पुसायला लावतात, कारण पापणीवरचा काळा रंग बाहुलीचाच भाग समजून यंत्र फसतं.

मग कॅलिब्रेशन. हा शब्द ऐकला आणि मी घरी आल्यासारखा निवांत झालो. पडद्यावर नऊ जागी एकेक ठिपका येतो, प्रत्येकाकडं बघायचं. यंत्र जुळवून घेतं आणि पुन्हा तेच ठिपके दाखवून किती चूक राहिली ते तपासतं. अर्ध्या अंशाच्या आत आली तरच पुढं. माझी एका कोपऱ्यात जास्त येत होती. “दादा, हनुवटी उचलताय बघा. टेका की नीट,” असं म्हणून मॅडमनी स्टँड दोन सूत खाली घेतलं. मग बसलं. प्रत्येक विश्रांतीनंतर हे सगळं परत. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी मनाची तयारी करून जावं, पण झीरो न तपासता घेतलेलं माप काय कामाचं?

पहिलं काम असं: मधल्या फुलीवर नजर ठेवायची, ६ अंशांवर, कधी डावीकडं कधी उजवीकडं, तीन अक्षरं क्षणभर चमकणार, मधलं सांगायचं. चमक सेकंदाच्या पाचव्या भागाएवढी. डोळ्याला नवीन जागी उडी मारायला साधारण तेवढाच वेळ लागतो, म्हणून उडी पोचेपर्यंत अक्षरं गेलेली असतात. तरी डोळा चोरून निघतोच. मला वाटायचं मी फुलीवर घट्ट आहे आणि यंत्र म्हणायचं तू हललास. जो डाव हलून झाला तो बाद, नंतर परत. इथं डोळ्यांची हालचाल टिपण्याचा पहिला उपयोग कळतो: नजर कुठं आहे हे माणसाच्या शब्दावर सोडायचं नाही.

अंतर कसं ठरतं तेही बघण्यासारखं आहे. सुरुवातीला तिन्ही अक्षरं ऐसपैस. बरोबर सांगत गेलात की ती जवळ येतात. चुकलात की लांब जातात. हळूहळू हे पुढंमागं एका जागी घुटमळायला लागतं, आणि ती जागा म्हणजे तुमचं माप. बोअर, म्हणजे पाडलेलं भोक, तपासताना आम्ही गो-नो गो गेज घालून बघतो, एक टोक गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये, आणि खरं माप त्या दोन्हींच्या मध्ये असतं. तसंच हे.

पण अक्षर तोंडानं सांगण्यात एक अडचण आहे, आणि या सगळ्या पद्धतीतली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट तिथंच आहे. डिस्लेक्सिया असलेल्या माणसाला अक्षराचं नाव चटकन आठवून बोलायलाच वेळ लागतो. मी चुकलो, तर गर्दीमुळं अक्षर कळलं नाही, की कळलं पण ओठावर आलं नाही? दोन वेगळे दोष एकाच चुकीत मिसळतात. म्हणून दुसऱ्या कामात अक्षरं काढूनच टाकली. त्यांच्या जागी तुटकी कडी होती, इंग्रजी सी सारखी, कधी वर तुटलेली, कधी खाली. एडमंड लँडोल्ट या स्विस नेत्रतज्ज्ञाच्या नावानं ती ओळखली जाते, नजर तपासायला १८८८ पासून वापरात आहे. डावीकडं एक, उजवीकडं एक, दोन्हींभोवती शेजारी कड्या. ज्या बाजूची मधली कडी वर तुटलेली, तिकडं फक्त बघायचं. बोलायचं नाही, बटण नाही. नजर गेली की उत्तर नोंदलं गेलं.

हे काम करताना पहिल्यांदा मला परीक्षेला बसल्यासारखं वाटलं नाही. तोंड बंद, समोर बाईंची नजर नाही, मागं पोरांचं हसू नाही. डोळा आपणहून जातो. कधी कधी तर मला ‘कळलं नाही’ असं वाटायच्या आतच डोळा बरोबर बाजूला गेलेला असायचा. शेवटी मॅडमनी आलेख दाखवला. अंतर मोकळं असताना माझी नजर सरळ आणि लवकर निघत होती. अंतर कमी झालं की ती निघायला वेळ लागत होता, आणि त्याहून कमी झालं की चुकीच्या बाजूला जाऊन तिथून परत वळत होती. त्या परत वळलेल्या रेषा बघताना मला शाळेतला फळा आठवला.

तिसरं काम वाचनाचं. पडद्यावर गुऱ्हाळावरचा उतारा, विषय तरी ओळखीचा. आपण वाचतो तेव्हा डोळा ओळीवरून घसरत जात नाही, थांबून थांबून उड्या मारतो, हे फ्रान्सच्या एमिल झावाल यांनी १८७९ च्या सुमारास मांडलं. एकेक थांबा सेकंदाच्या पाव भागाएवढा, मधली उडी त्याहून कितीतरी झटपट. माझा वाचनाचा नकाशा मला छापून मिळाला. जिथं थांबलो तिथं गोल, जास्त वेळ थांबलो तिथं मोठा गोल. ‘गूळ’, ‘काहील’, ‘चुलवण’ यांवर एकेक छोटा गोल. आणि ‘निर्मितीच्या’ या एका शब्दावर गोलांचा ढीग, त्यातून दोन रेघा मागच्या शब्दावर गेलेल्या.

त्या शब्दाकडं आम्ही दोघं बराच वेळ बघत बसलो. दोन ऱ्हस्व वेलांट्या, ज्या बोलताना नंतर येतात आणि लिहिताना आधी. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचणाऱ्यांवर दाखवलंय की ही उलटापालट चांगल्या वाचकालाही थोडी अडवते. वर रफार, शेवटी जोडाक्षर. इंग्रजीत अक्षराला मुख्यतः डावा-उजवा शेजारी असतो. आपल्या अक्षराला वर मात्रा, खाली उकार, आणि डोक्यावरून सगळ्यांना बांधणारी शिरोरेषा. शेजारी मधल्या अक्षराशी एक गट करून दिसले की गर्दी वाढते, हे प्रयोगांत दिसलेलं आहे.

इटलीतल्या पादुआ विद्यापीठाच्या मार्को झोर्झी आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये इटालियन आणि फ्रेंच मुलांवर दाखवलं की अक्षरांतली जागा नेहमीपेक्षा बरीच वाढवली की डिस्लेक्सिया असलेली मुलं जास्त बरोबर आणि जास्त वेगानं वाचतात, कुठलंही शिक्षण न देता, तिथल्या तिथं. मराठीत तीच जागा सोडायला गेलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द शब्दासारखा दिसत नाही. म्हणून मॅडमनी माझ्यासाठी तोच उतारा दोन तऱ्हांनी मांडला होता, एकात रेषा तुटू दिलेली, एकात रेषा लांबवून अक्षरं दूर नेलेली. मला दुसरी तऱ्हा सोपी गेली. गोल लहान झाले, मागं जाणाऱ्या रेघा कमी झाल्या. एका माणसावरून काही ठरत नाही, हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा बजावलं.

माझं माप उजवीकडं साडेचार अंशांच्या आसपास आलं, जिथं बौमाच्या नियमानं ३ पुरायला हवेत. चांगल्या वाचणाऱ्यांतही हे माप माणसागणिक बरंच बदलतं, म्हणून नुसत्या या आकड्यावर कुणालाही डिस्लेक्सियाचा शिक्का मारता येत नाही. माझ्या बाबतीत आवाजाची अडचणही आहे आणि गर्दीचीही. मला त्या कागदाकडं बघून राग आला नाही, दुःखही झालं नाही. पडद्यावर दीड सेंटिमीटर. एवढं अंतर मला नियमापेक्षा जास्त लागतं.

राग आला तो दुसऱ्या गोष्टीचा. मुलीच्या निदानाआधी एका ठिकाणी आम्हाला डोळ्यांचे व्यायाम सांगितले होते: नजर ओळीवर नीट सरकत नाही म्हणून वाचता येत नाही, सरकवायला शिकवू. महिनोन्‌महिने पैसे भरले. मॅडमना नकाशा दाखवून मी विचारलं, या मागं जाणाऱ्या रेघाच रोग आहेत का? त्या म्हणाल्या, १९८१ मध्ये पाव्लिडिस नावाच्या संशोधकानं तसा दावा केला होता, पण इतरांना तो पडताळून पाहता आला नाही. चांगल्या वाचकाला अवघड मजकूर द्या, त्याचेही डोळे असेच अडखळतात. डोळे अडखळतात ते वाचन अवघड जातं म्हणून. अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्र निवेदन काढून सांगितलंय की डोळ्यांचे व्यायाम किंवा रंगीत काचा हा डिस्लेक्सियावरचा उपाय असल्याचा पुरावा नाही. मुलीला खरा फायदा होतोय तो अक्षर आणि आवाज जोडायच्या रोजच्या सरावाचा, आणि तो शिकवणाऱ्या बाईंचा धीर मोठा आहे.

ज्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्या गावात आजही पोराला मागच्या बाकावर बसवून ‘ढ’ म्हणतात, याचं मला वाईट वाटतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सिया येतो. परीक्षेत जास्त वेळ, लेखनिक, या सवलती हक्काच्या आहेत. आईबापांनी लाजू नये, अर्ज करावा.

कामात मी थोडे बदल केलेत. सूचना असलेल्या कागदावर पुठ्ठ्याची खिडकी ठेवतो, एका वेळी एका ओळीचा दोन-तीन शब्दांएवढाच तुकडा दिसतो. लांबलचक मजकूर फोनवर घेतो, अक्षर मोठं करून, म्हणजे ओळीत मोजके शब्द येतात. आखूड ओळींचा काही वाचकांना उपयोग होतो असं २०१३ मध्ये अमेरिकेतल्या शाळकरी मुलांवर दिसलं होतं, मला तरी होतो. मालकांना नकाशा दाखवला. त्यांनी कॉम्प्युटरवाल्याला ड्रॉइंगवरच्या सूचना सुट्या सुट्या आणि मोठ्या अक्षरात टाकायला सांगितलं, आता बाकीची पोरंसुद्धा त्या वाचायला लागलीत.

मॅडमना अजून माणसं हवी आहेत, आणि नुसती डिस्लेक्सियावाली नाहीत. माझ्या वयाची, माझ्याएवढं शिकलेली, पण सरसर वाचणारीही हवीत, नाहीतर माझं माप कशाशी ताडून बघणार? आमच्या शॉपमधले दोघं तयार झालेत. मुलीचा नंबर दिवाळीच्या सुट्टीत आहे. तिचं फक्त कड्यांचं काम घेणार, वाचनाचं नाही. मी बाहेरच बसायचं असं ठरलंय, कारण आत बाप असला की पोरांची नजर सारखी बापाकडं जाते आणि डाव बाद होतात.